चौथ्या विहिरीचं पाणी

१

पेट्रोल पंपाच्या मागे, हवा भरायच्या कॉम्प्रेसरची खोली आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक खाट मावेल एवढी जागा होती. नमुनेकाका तिथे उताणे पडलेले मिशीवाल्याला दिसले.

मिशीवाला पंपावरचा सगळ्यात जुना कामगार. कॉम्प्रेसर का घरघरतोय ते बघायला तो मागे गेला होता. काकांचे डोळे मिटलेले, हात छातीवर, डोक्याखाली टॉवेलची नीट चौकोनी घडी. म्हातारा दमला असेल, पडला असेल जरा आडवा, असं समजून तो कॉम्प्रेसर बंद करून परत निघालाही होता. मग त्याचं लक्ष टॉवेलकडे गेलं. टॉवेल पांढरा होता, पण एका बाजूनं तो पांढरा राहिला नव्हता.

या पंपाच्या जमिनीखालची टाकी पूर्वी एकदा गळली होती. कुणाच्या लक्षात येईपर्यंत पेट्रोल मातीत मुरत मुरत भिंतीपलीकडच्या गल्लीतल्या विहिरीत उतरलं. ती विहीर कायमची बंद झाली, गल्लीतल्या घरांना नगरपालिकेचे नळ आले आणि पंपाच्या आवारात चार निरीक्षण विहिरी खोदल्या गेल्या. विहिरी नावाच्याच. जमिनीत उतरवलेला मनगटाएवढा पाइप आणि वर लोखंडी झाकण. दर तीन महिन्यांनी काका यायचे, प्रत्येक विहिरीतलं पाणी काढून बाटल्यांत भरायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे. पाण्याचे नमुने घेणारे म्हणून नमुनेकाका. माणूसही तसा नमुनाच, असं पंपावरची पोरं हसून म्हणायची. हातमोजे बदलताना कुणी काही विचारलं तर काका उत्तर द्यायचे नाहीत. मोजे बदलून झाले की मगच, "हं, काय म्हणत होतास?"

पोलीस आले तेव्हा पंपाचे मालक घाम पुसत उभे होते. "घसरले हो," ते इन्स्पेक्टरबाईंना म्हणाले. "वय झालेलं. इथे तेलकट असतंच. झाकणाची कड लागली डोक्याला. ते बघा रक्त."

झाकणाच्या कडेला रक्त होतं खरं. इन्स्पेक्टरबाईंनी ते वाकून पाहिलं. मग शेजारच्या हवालदाराला विचारलं, "वास कसला येतोय?" एका मोठ्या तापानंतर बाईंचं नाक कायमचं गेलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या वाटणीचा वास हवालदारच घेत असे.

"पेट्रोलचा, मॅडम. पण तो पंपभर आहे. इथे वेगळा असा काही नाही."

बाई मिशीवाल्याकडे वळल्या. "टॉवेल तू ठेवलास डोक्याखाली?"

"नाही मॅडम. मी हातसुद्धा लावला नाही. आई शपथ."

"आणखी कुणी?"

कुणीच नाही. बाई मालकांना म्हणाल्या, "म्हणजे हे घसरले, डोकं फुटलं, मग त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि डोकं टेकून मेले. असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

मालकांच्या हातातला रुमाल कपाळावरच थांबला.

२

काकांच्या कंपनीचा इंजिनिअर आला तो हातात हेल्मेट घेऊनच. वयानं काकांच्या मुलासारखा, पण हुद्द्यानं त्यांचा साहेब. प्रेताकडे त्याला बघवेना. तो विहिरीशेजारच्या निळ्या खोक्याकडे बघत राहिला.

"मॅडम, हे विचारणं बरं दिसत नाही," तो म्हणाला. "पण नमुने बर्फात आहेत. वेळेत लॅबमध्ये गेले नाहीत तर त्यांचं शेवटचं काम फुकट जाईल."

"झालंय का त्यांचं काम?"

त्यानं खोकं उघडलं. बर्फाच्या पिशव्यांमध्ये बाटल्या ओळीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर विहिरीच्या आकड्याची चिठ्ठी होती. "चिठ्ठ्या ते घरीच लावून आणायचे. एक, दोन, तीन, चार. सगळ्या भरलेल्या. झालंय काम." त्यानं चौथीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "संपवूनच गेले."

खोक्यात आणखी दोन बाटल्या होत्या. एक मोठी, सीलबंद. "यात शुद्ध केलेलं पाणी आहे, लॅबनं दिलेलं. पडताळणीला लागतं." दुसरी नमुन्याच्या बाटल्यांसारखीच, पण रिकामी. तिच्यावर आकडा नव्हता, 'मास्तर' असं लिहिलं होतं.

"हे मास्तर कोण?"

"गल्लीतले. रहिवासी समितीचे अध्यक्ष. आमच्यावर त्यांचा विश्वास नाही. प्रत्येक वेळी चौथ्या विहिरीचं थोडं पाणी स्वतःसाठी मागून नेतात आणि बाहेर तपासून घेतात."

बाईंनी मान हलवली आणि खोक्याशेजारची कचऱ्याची पिशवी उपसायला घेतली. वापरलेले हातमोजे निघाले, दोऱ्या निघाल्या, आणि हातभर लांबीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या.

"हा पोहरा," इंजिनिअर म्हणाला. "दोरीला बांधून पाइपात सोडायचा, भरला की वर ओढायचा. एका विहिरीचा पोहरा दुसरीत घालायचा नाही, नाहीतर एकीची घाण दुसरीत जाते. म्हणून प्रत्येक विहिरीला नवा."

"म्हणजे चार विहिरींना चार."

"हो."

बाईंनी पिशवीतले पोहरे फरशीवर मांडले. तीन होते. चौथा काकांच्या पायाशी पडला होता. त्याच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण तसंच होतं, एकाही बाजूनं फाडलेलं नव्हतं.

"चौथी विहीर कोणती?"

इंजिनिअरनं काकांच्या शेजारचं झाकण दाखवलं. "हीच. सगळ्यात घाण विहीर शेवटी घ्यायची असा नियम आहे." बोलता बोलता त्याचंही लक्ष त्या वेष्टणाकडे गेलं.

"पोहरा उघडलेलाच नाही," बाई म्हणाल्या. "मग चौथीच्या बाटल्यांत पाणी आलं कुठून?"

३

डॉक्टरांनी संध्याकाळी दोन गोष्टी सांगितल्या. काकांच्या छातीवर दोन तळहातांनी जोरात ढकलल्याच्या खुणा होत्या. आणि डोकं आपटल्यावर ते लगेच गेले नव्हते, काही वेळ जिवंत होते.

"तेव्हा दवाखान्यात आणलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला वळले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पंपाच्या ऑफिसातच खुर्ची टाकली. काचेतून समोरचे पंप दिसत होते. गाड्या येत होत्या, मिशीवाला नळी लावत होता. कॅमेरेही त्याच बाजूला होते. मागच्या कोपऱ्याकडे एकाचंही तोंड नव्हतं.

मालक आधी आले. "संशय माझ्यावर येणार हे मला कळतं," ते बसायच्या आधीच म्हणाले. "मला पंप विकायचाय. मागचे तिन्ही अहवाल मर्यादेत आले. हा चौथा आला की देखरेख संपते आणि जागा मोकळी होते. माझीच नाही, भिंतीपलीकडच्या सगळ्या घरांवरचाही दूषित जागेचा शिक्का जातो. आज ती घरं कुणी फुकटसुद्धा घेत नाही."

"आणि चौथा मर्यादेत आला नसता तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून मोजा." मालक खिन्न हसले. "पण मॅडम, त्या माणसाला मारून मला काय मिळणार? एकदा मी सुचवून पाहिलं होतं, पूर्वी. म्हटलं, जरा सांभाळून घ्या. त्यांनी माझ्यासमोर हातमोजे बदलले. उत्तर दिलंच नाही. आणि वर तो मास्तर! पहिल्या विहिरीपासून त्यांच्या खांद्याशी उभा, स्वतःची बाटली घेतल्याशिवाय हलायचा नाही. दोघांनी मिळून माझा जीव नकोसा केला होता."

"काल मास्तर उभे होते?"

मालक विचारात पडले. "मी बघितलं नाही बुवा. मी इथे आत होतो."

इंजिनिअर त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच एका कामावर होता आणि तिथल्या चौघांनी त्याला पाहिलं होतं. त्यानं फक्त एक गोष्ट सांगितली. मागच्या खेपेला चौथ्या विहिरीचा आकडा मर्यादेत असला तरी अगदी काठावर होता.

मास्तर आपण होऊन आले. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, ताठ कण्याचे, इस्त्रीचा शर्ट. खुर्ची मिळाली तरी ते उभेच राहिले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "हे पाप या पंपाचं आहे. आमची विहीर नासली, आता माणूसही गेला. चांगला माणूस होता. दर खेपेला माझ्याकडे चहाला यायचा, शेवटच्या विहिरीआधी. या भिंतीला फाटक आहे ना, तिथून."

"काल आले होते चहाला?"

"नाही. मी चहा टाकून वाट बघत बसलो. दुपारी गर्दी जमली तेव्हा कळलं."

"सकाळभर घरीच होतात?"

"घरीच." मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तो चहा तसाच ओतून द्यावा लागला."

त्यांचं दुःख सोंग नव्हतं हे बाईंना कळत होतं. म्हणूनच त्या जास्त अस्वस्थ झाल्या.

४

काकांच्या बायकोला पोलिसांशी बोलायचं नव्हतं. त्यांची बहीण येऊन बसली होती, तिनं बाईंना खुणेनंच आत घेतलं. खोलीत एका भिंतीला रिकाम्या बाटल्यांची पुठ्ठ्याची खोकी लावून ठेवली होती. कोपऱ्यातल्या दोरीवर पांढरे टॉवेल वाळत होते.

"ते टॉवेल मीच शिवलेत," काकू अखेर म्हणाल्या. "बाजारातला रंगीत नको म्हणायचे. रंग लागतो म्हणे पाण्याला. आता टॉवेलचा रंग पाण्याला कशाला लागेल? पण नाही म्हणजे नाही."

"कुणाशी वैर?"

"त्यांच्याशी कोण वैर करणार? समोरचा कंटाळून निघून जायचा." काकू किंचित हसल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी निघताना मात्र उंबऱ्यात रेंगाळले. म्हणाले, आज मास्तरांकडे चहाला जायचं जिवावर आलंय."

"का?"

"ते नाही सांगितलं. मी म्हटलं, तर नका जाऊ. म्हणाले, न जाऊन कसं चालेल, त्या पोरीला बघायचंय."

"कुठली पोर?"

काकूंनी नवलानं पाहिलं. "मास्तरांची मुलगी. तुम्हाला ठाऊक नाही? रक्ताचा आजार झालाय तिला. लहानपणी त्याच नासलेल्या विहिरीचं पाणी प्यायलीय ती. मास्तर कुणाला सांगत नाहीत. कीव केलेली आवडत नाही त्यांना. पण ह्यांना ठाऊक होतं. तिला रक्त लागलं तेव्हा ह्यांनीच दिलं, आणि नंतर पुन्हा एकदा दिलं. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या वयाला पुरे, तर त्यांच्याशीच हुज्जत घालत बसले."

बाई काही बोलणार तोच फोन वाजला. प्रयोगशाळेच्या मुख्य केमिस्ट होत्या.

"मॅडम, तुम्ही इकडे आलात तर बरं," त्या म्हणाल्या. "चौथीच्या बाटल्यांत पेट्रोलचा अंशही नाही. पण ते सोडा. त्यांत जमिनीखालचं पाणीच नाहीये."

५

केमिस्टबाईंनी चार बाटल्यांतलं पाणी चार काचपात्रांत ओतून ठेवलं होतं. दिसायला चारही सारखीच होती.

"वास घेऊन बघा," त्या म्हणाल्या.

बाईंनी हवालदाराला पुढे केलं. त्यानं पहिली तीन हुंगली आणि खांदे उडवले. चौथ्यापाशी मात्र तो थबकला, पुन्हा वाकला.

"मॅडम, हा वास माझ्या रोजचा आहे. सकाळी नळाला पहिलं पाणी येतं ना, तेव्हा असा वास येतो."

"बरोबर," केमिस्टबाई म्हणाल्या. "क्लोरीन. नगरपालिका पाण्यात घालते ते. जमिनीखाली ते कुठून येणार? हे नळाचं पाणी आहे. दुकानातल्या बाटलीबंद पाण्यालाही हा वास नसतो."

परतताना जीपमध्ये बाई पुढेच बसल्या. मग हवालदाराला म्हणाल्या, "मी मोठ्यानं विचार करते. चुकले तर सांग."

"बरं."

"काका चौथ्या विहिरीशी आले, पोहरा काढला, पण तो उघडायच्या आधीच कुणीतरी त्यांना ढकललं. नंतर त्या माणसानं चौथीच्या बाटल्या नळाच्या पाण्यानं भरल्या. म्हणजे आकडा स्वच्छ यावा असं त्याला वाटत होतं."

"मालक."

"पहिल्यांदा तेच मनात येतं. पण पंपावर नळ आहे का?"

हवालदारानं आठवून पाहिलं. "नाही. त्यांची स्वतःची बोअर आहे. गाड्या धुवायला तेच पाणी, हात धुवायलाही तेच. प्यायला मोठे जार येतात विकतचे."

"मग मालकानं बोअरचं पाणी भरलं असतं. इंजिनिअर किंवा त्याच्या कंपनीतला कुणी असता तर त्याला लांब जायचंच नव्हतं. खोक्यात शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली होती, तिच्यातून भरून मोकळा झाला असता. तिचं सील जसंच्या तसं आहे."

"नळ आहेत ते भिंतीपलीकडे," हवालदार हळूच म्हणाला. "गल्लीत."

"हो. आणि गल्लीतून ज्याला त्या फाटकातून यायची सवय होती, ज्यानं पडलेल्या माणसाच्या डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवली..."

"पण मॅडम, मास्तर?" हवालदारानं मान हलवली. "पाणी घाण आहे असं तर तेच इतकी वर्षं ओरडतायत. त्यांना स्वच्छ आकडा कशाला हवा?"

"गाडी गल्लीकडे घे," बाई म्हणाल्या.

६

दार मुलीनं उघडलं. तिशीच्या आतबाहेरची असेल. डोक्याला रुमाल बांधलेला, हाताच्या मागच्या बाजूला सुईच्या जागी निळे डाग. ती बाजूला झाली तेव्हा आत मास्तर दिसले. शर्टाची इस्त्री आजही तशीच होती.

"घर विकायला काढलंयत?" बाईंनी बसता बसता विचारलं.

उत्तर मुलीनं दिलं. "गेल्या महिन्यात एक कुटुंब बघून गेलं. शिक्का उठला तर घेऊ म्हणाले. मोठ्या शहरात माझा उपचार होतो, त्यासाठी बाबा..."

"तू आत जा, बाळ," मास्तर म्हणाले.

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुमच्या नावाची बाटली काकांच्या खोक्यात रिकामीच राहिली."

"माणूस मेलेला, आणि मी बाटली मागू?"

"मेल्याचं तुम्हाला दुपारी कळलं म्हणता. त्याच्या कितीतरी आधी पहिल्या तीन विहिरी झाल्या होत्या. एरवी तुम्ही पहिल्या विहिरीपासून त्यांच्या खांद्याशी उभे असता. या वेळी सकाळभर घरी बसून होतात. इतकी वर्षं ज्या आकड्यावर तुमचा विश्वास नव्हता, त्याची पडताळणी तुम्हाला याच खेपेला नकोशी झाली. का?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. तो पुसून झाला तरी पुसत राहिले.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"घरी नव्हतो मी," मास्तर म्हणाले. ते बाईंशी बोलत होते, पण बघत चष्म्याकडे होते. "फाटकाशी उभा होतो. तिन्ही विहिरी होईपर्यंत. मागच्या खेपेला चहा पिताना नमुनेबुवाच म्हणाले होते, आकडा काठावर आलाय मास्तर, पुढच्या वेळी वर जाईल असं दिसतंय. त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. ते कोपऱ्यात आले तसा मी पुढे झालो. म्हटलं, चौथीच्या बाटल्या पहिलीच्या पाण्यानं भरा. कोण बघतंय?"

"मग?"

"म्हणाले, मास्तर, इतकी वर्षं तुम्हीच तर बघत होतात."

बाहेर गल्लीत कुणाचा तरी नळ वाहत होता. हवालदार दाराशी मान खाली घालून उभा होता.

"मी म्हटलं, माझी पोर चाललीय. म्हणाले, मला ठाऊक आहे, माझंही रक्त आहे तिच्यात. पण उद्या या घरात दुसऱ्याची पोर राहायला येईल, ती माणसं बंद विहीर उघडतील, तिला काय सांगायचं? आधी पाणी तर काढू द्या, मग बोलू. आणि त्यांनी तो पोहरा हातात घेतला. मला ते पाणी काढू द्यायचं नव्हतं. एकदा वर आलं असतं की त्याला खोटं म्हणणारा माणूस नव्हता तो. म्हणून ढकललं. पाडायचं नव्हतं हो. बाजूला करायचं होतं."

मुलगी चौकटीला धरून हळूहळू खाली बसली.

"त्यांनी डोळे उघडले. पाणी म्हणाले. मी त्यांच्याच खांद्यावरचा टॉवेल डोक्याखाली दिला आणि धावत घरी आलो. तांब्या भरला. परत जाऊन पाजायला वाकलो, तर..." मास्तर थांबले. "माझ्या हातात भरलेला तांब्या होता. आणि समोर त्या बाटल्या रिकाम्या उभ्या होत्या."

"पलीकडे पंपावर माणसं होती," बाई म्हणाल्या. "एक हाक मारायची."

"हाक मारली असती तर वाचले असते?"

बाईंनी हवालदाराला जीप दाराशी घ्यायला सांगितलं. उठताना मास्तरांनी मुलीच्या औषधांचा डबा खुणेनं दाखवला, सकाळच्या गोळ्या राहिल्या होत्या. त्या तिनं घेतल्यावरच ते निघाले.

७

चौथ्या विहिरीचा नमुना नव्यानं घेण्यात आला. बाई स्वतः समोर उभ्या होत्या. इंजिनिअरनं पोहऱ्याचं वेष्टण फाडलं, दोरी बांधली आणि पाइपात सोडली. त्याला हे काम हातानं करायची सवय राहिली नव्हती. दोनदा दोरी निसटली. बाटल्या भरून झाल्यावर तो झाकणापाशी तसाच बसून राहिला.

निकाल आला तेव्हा केमिस्टबाईंनी तो फोनवर सांगितला नाही, त्या स्वतःच कागद घेऊन पोलीस ठाण्यात आल्या. बाईंनी आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"चूक नाही ना?"

"आम्ही तीनदा तपासला," केमिस्टबाई म्हणाल्या. "मर्यादेच्या खूपच खाली आहे. पाणी स्वच्छ झालंय."

बाई एकट्याच गल्लीत गेल्या. मुलगी ओट्यावर बसली होती, मांडीवर कुणाचे तरी उसवलेले कपडे होते. तिनं सुई बाजूला ठेवली.

"पाणी कसं निघालं?"

बाईंनी सांगितलं.

मुलगी भिंतीपलीकडे, पंपाच्या छपराकडे बघत राहिली. मांडीवरच्या कपड्याची तिनं घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे काकांनी पाणी काढलं असतं तरी..."

"हो."

"बाबांना सांगू नका."

"कोर्टात वाचलं जाईल ते. कुणीतरी सांगणारच."

ती उठली. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिनं चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि म्हणाली, "मग मीच सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

कोठडीबाहेरच्या बाकावर बापलेक शेजारी शेजारी बसली. हवालदार दूर जाऊन उभा राहिला. बाई आपल्या टेबलाशी होत्या, पण खोली लहान होती, सगळं ऐकू येत होतं. मुलीनं आधी गोळ्या वेळेवर घेतेय म्हणून सांगितलं. शेजारीण जेवण देते हे सांगितलं. मग आकडा सांगितला.

मास्तर ताठ बसले होते. त्यांनी मुलीकडून तो आकडा पुन्हा एकदा म्हणवून घेतला. वर्गात उत्तर तपासावं तसं त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नमुना कुणी घेतला?"

"इंजिनिअरनी."

"त्याला काय येतंय," मास्तर म्हणाले. "बाटली नीट विसळली नसेल. असल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. नमुनेबुवांनी घेतला असता, तर मी..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांचं तोंड उघडंच होतं. मुलीनं त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या हातानं तिनं त्यांच्या शर्टाची चुरगळलेली बाही सरळ केली.